साबणाने धुतलेला स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. तुमच्या घरी भांडी घासायला असतो तो नव्हे. मी माशांच्या टाकीतला, गाळणीच्या डब्यात बसणारा स्पंज. रंगाने तपकिरी, अंगाने बुळबुळीत, आणि खरे सांगायचे तर वासालाही फारसा बरा नाही. मला पाहून पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत बापडे. ज्या दिवशी मी स्वच्छ, निळाशार आणि लिंबाच्या वासाचा झालो होतो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस होता. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. फोमच्या एका मोठ्या लादीतून गरम तारेने मला कापले, तेव्हा मी आकाशासारखा निळा होतो. पुढे कितीतरी दिवस दुकानाच्या फळीवर पडून राहिलो. मग राइनहोल्ट आइझेले यांनी मला उचलले, दाबून पाहिले आणि घरी नेले. जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठी, द्राक्षांच्या मळ्यांच्या पायथ्याशी त्यांचे गाव. ते यंत्रांच्या कारखान्यात लेथवर काम करायचे. बोलायला कमी, पण टाकीसमोर बसले की तासन्‌तास हलायचे नाहीत.

सुरुवातीला मी अगदीच बिनकामाचा होतो. पाणी माझ्यातून जायचे, चार कण अडकायचे, बस्स. माझे खरे काम सुरू झाले ते माझ्याकडे बिऱ्हाडे राहायला आली तेव्हा. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू माझ्या छिद्राछिद्रांत येऊन राहू लागले. मासे खातात, पाण्यातच घाण करतात, आणि त्या घाणीतून अमोनिया नावाचे विष तयार होते. माझी पहिली बिऱ्हाडे ते विष खातात आणि त्याचे दुसरे विष करून ठेवतात. मग दुसरी बिऱ्हाडे येतात आणि त्या दुसऱ्या विषाचे असे काही करतात की ते माशांना बाधत नाही, उलट पाणवनस्पतींना खत मिळते. ही दुसरी मंडळी मात्र फार सावकाश येतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांना कितीही आग्रह करा, आपल्या गतीनेच येतात. म्हणून नवी टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नसतात. आधी बिऱ्हाडे, मग मासे.

अशी माझी वस्ती भरत गेली आणि माझा निळा रंग तपकिरी झाला. राइनहोल्ट मला अधूनमधून बाल्कनीत न्यायचे, टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत दोनदा हलकेच पिळायचे आणि परत ठेवायचे. गावात मत्स्यप्रेमींचे एक मंडळ होते. कोणी नव्या घरात राहायला गेले की तिथले लोक पाव आणि मीठ घेऊन जातात. तसेच मंडळात कोणी नवी टाकी भरली की बाकीचे लोक आपल्या स्पंजातला मळ बरणीत पिळून भेट न्यायचे. माझ्या मळाला तर मोठी मागणी होती. "राइनहोल्टच्या स्पंजाचा आहे," असे सांगत लोक ती बरणी मिरवत न्यायचे. तेव्हा मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

आमच्या टाकीत वाघासारख्या पट्ट्यांचे, नारिंगी रंगाचे काही मासे होते. त्यांतला सर्वांत थोरला शुल्तेस. शुल्तेस म्हणजे त्यांच्याकडचा गावचा पाटील. तो होताही तसाच. अंगाने भरलेला, खायला सर्वांत पुढे, आणि खूश झाला की तोंडाने 'टक टक' असा आवाज करायचा. राइनहोल्ट आणि रोसविताबाई यांचे लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हापासून तो घरात होता. त्यांना मूलबाळ नव्हते. राइनहोल्ट कामावरून आले की आधी शुल्तेसला हाक मारायचे, मग बायकोला. यावरून रोसविताबाई त्यांना टोमणे मारायच्या, पण स्वतःही येताजाता काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारायच्या. ते फक्त मला माहीत होते.

रोसविताबाईंना बाहेरचे लोक 'फ्राउ आइझेले', म्हणजे आइझेलेबाई, म्हणत. त्यांचे घर म्हणजे आरसा. त्यांच्या इमारतीत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते आणि ज्यांची पाळी त्यांच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. ती पाटी दाराला लागली की बाईंच्या अंगात बारा हत्तींचे बळ यायचे. जिना, कठडा, तळघराची वाट, रस्त्याकडची फरशी, काही सुटायचे नाही. राइनहोल्टचे मित्र माउटे एकदा ओल्या बुटांनी घरात आले आणि त्यांच्या बादलीतले पाणी लाकडी जमिनीवर सांडले. त्यानंतर माउटेंना या घराचा उंबरठा बंद झाला तो झालाच.

असे सगळे चालू होते आणि एका सकाळी टाकीच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब दिसला.

राइनहोल्टनी तो बोटाने पुसला. पुन्हा आला. काचा जोडणारा रबरी सांधा जुना होऊन सुटत चालला होता. त्यांनी कोपऱ्याखाली टॉवेल ठेवला आणि लगेच नवी टाकी आणली. समोरच्या भिंतीशी ती मांडली, वाळू घातली, पाणी भरले, रोपे लावली. मग ते स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी घेऊन आले आणि माझे दोन तुकडे केले.

"माझी सुरी!" रोसविताबाई ओरडल्या. "त्या घाणेरड्या गोळ्याला माझी पावाची सुरी?"

"घाणेरडा नाही गं. विरजण आहे हे."

माझा एक भाग जुन्या टाकीत माशांजवळ राहिला आणि एक भाग नव्या टाकीत गेला. तुमच्याशी बोलतोय तो हा दुसरा. रिकाम्या टाकीत माझी बिऱ्हाडे उपाशी मरू नयेत म्हणून राइनहोल्ट रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट त्या बिनमाशांच्या पाण्यात टाकू लागले.

"आता रिकाम्या टाकीलाही जेवण?" बाई म्हणाल्या. "उद्या रिकाम्या खुर्चीला सूप वाढशील."

"थोडे दिवस थांब. वस्ती बसली की मग मासे इकडे आणायचे. घाई केली तर एक वाचणार नाही."

पण थांबायला राइनहोल्टना वेळच मिळाला नाही. त्यांच्या खुब्याचे दुखणे वाढले, शस्त्रक्रिया झाली आणि तिथूनच त्यांना डोंगरातल्या आरोग्यगृहात व्यायामासाठी पाठवले. शस्त्रक्रियेला जाण्याआधी त्यांनी बायकोला सगळे नीट समजावले होते. माशांना थोडेच खायला घाल. पाणी कमी झाले की आदल्या दिवशी भरून ठेवलेले शिळे पाणी घाल. टॉवेल बदल. नव्या टाकीत रोज एक चिमूट. शुल्तेस कधीकधी आडवा पडून झोपतो, ती त्याची सवयच आहे, घाबरू नकोस.

"मी आहे ना," बाई म्हणाल्या. "परत येशील तेव्हा सगळे जसेच्या तसे सापडतील. तुझा पाटीलसुद्धा."

माझ्याबद्दल मात्र राइनहोल्ट एक शब्दही बोलले नाहीत. कोणी मला साबण लावील हे त्यांच्या स्वप्नातही आले नसते.

दाराला पाळीची पाटी लागली त्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या बीट्झरबाई वर आल्या. दारात उभ्या राहूनच त्यांनी नाक वर केले आणि हुंगले.

"फ्राउ आइझेले, राग मानू नका हं. पण तुमच्याकडे आटलेल्या नदीसारखा वास येतोय."

एवढे बोलून त्या गेल्या. रोसविताबाई तिथेच उभ्या राहिल्या. कान लाल झाले होते. आपल्या घराला वास! मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि त्या सरळ टाक्यांकडे आल्या. जुन्या टाकीचा डबा उघडला, मग नवीचा. आम्हा दोन्ही तुकड्यांना चिमटीत धरून उचलले.

"तीस वर्षं एकदा धुतला नसेल यानं," त्या पुटपुटल्या. "बिचारा येईल तेव्हा बघ म्हणावं, घर कसं ठेवलंय."

मित्रांनो, त्यांच्या मनात काळे काहीच नव्हते. नवऱ्याला बरे वाटावे एवढीच इच्छा होती. पण नळाचे ते कढत पाणी माझ्या अंगावर पडले तेव्हा माझ्या आत काय झाले ते कसे सांगू? वर्षानुवर्षे जमवलेली माझी वस्ती क्षणात भाजून निघाली. मग लिंबाच्या वासाचा साबण आला. मग ब्रश आला. मी तपकिरी पाणी सोडत राहिलो आणि बाई समाधानाने म्हणत राहिल्या, "बघ, बघ किती घाण!" त्यांनी मला इतके खळखळून धुतले की साबणाचा कणही मागे राहिला नाही. मी पुन्हा निळा झालो. मला ओरडता येत नव्हते.

पहिला दिवस काहीच झाले नाही. पाणी चकचकीत दिसत होते. बाई दोन्ही टाक्यांसमोर उभ्या राहून स्वतःवरच खूश होत होत्या. मी समोरच्या भिंतीशी, मासे मला पुरते दिसतील अशा जागी होतो. मलाच ठाऊक होते की माझ्या आत आता कोणी नाही, आणि त्या जुन्या टाकीतल्या माझ्या भावातही कोणी नाही. मासे खात होते, घाण करत होते आणि ती घाण खायला कोणी उरले नव्हते.

मग मासे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले. त्यांचे कल्ले लालसर दिसू लागले. बाईंना वाटले, भूक लागली असेल. त्यांनी जास्त खायला घातले. घालू नका हो, विष वाढतंय, असे किती म्हणावेसे वाटले! पण माझे कोण ऐकणार?

शुल्तेस तळाशी आडवा पडला होता.

संध्याकाळी राइनहोल्टचा फोन आला.

"पाटील काय म्हणतोय?"

"झोपलाय. आडवा. तू सांगितलंस तसा."

"आत्ता? जेवायच्या वेळेला?" पलीकडचा आवाज चढला. "आणि कल्ले?"

बाई वाकल्या. "कल्ले... जोरात हलतायत जरा."

"रोसविता, तू गाळणीतल्या स्पंजाला हात लावलास का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी निळा, स्वच्छ, त्यांच्याकडे बघत होतो.

"नाही," त्या म्हणाल्या. 

फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. स्पंजात असे काय होते की राइनहोल्टचा आवाज एकदम घाबरा झाला? आपण काहीतरी भयंकर केले आहे एवढे त्यांना कळले होते. काय केले, ते कळत नव्हते. आणि ज्याला विचारायचे त्यालाच त्यांनी खोटे सांगितले होते.

सकाळी सर्वांत धाकटी मासोळी वर तरंगत होती.

बाईंनी तिला हातात घेतले. मग बाल्कनीतल्या जिरेनियमच्या कुंडीत माती उकरून तिला पुरले. हात धुतले नाहीत. एप्रन तसाच ठेवून त्यांनी कोट चढवला आणि बाहेर पडल्या. जिना पुसायचा राहिला होता, पाटी दाराला लटकत होती. असे त्या घरात कधी झाले नव्हते.

पुढचे मला माउटेंच्याच तोंडून कळले. त्यांचे घर मळ्यांच्या वरच्या अंगाला आहे, शंभर एक दगडी पायऱ्या चढून जावे लागते. बाई धापा टाकत त्यांच्या गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या. आत भिंतभर टाक्या होत्या आणि त्या शनिवारी बीट्झरबाईंना आला होता तोच वास.

"फ्राउ आइझेले! तुम्ही? आणि माझ्याकडे?"

"मी स्पंज धुतला," बाई म्हणाल्या.

"बादलीत?"

"नळाखाली. गरम पाण्यानं."

माउटेंनी डोळे मिटले. "साबण?"

"हो."

"ब्रश?"

"ब्रशसुद्धा. आणि नंतर राइनहोल्टला म्हटलं, हातच लावला नाही. एक गेली. शुल्तेस आडवा पडलाय. माउटे, तुम्ही मला हवं ते बोला, पण नंतर बोला. आत्ता चला."

माउटे सरळ टाक्यांकडे वळले. त्यांनी एक मोठी बरणी घेतली, आपल्या टाकीतला काळपट स्पंज काढला आणि पिळ पिळ पिळला. बरणीत चिखलासारखे पाणी जमले. ते त्यांनी बाईंच्या हातात दिले.

"मासेच तुमच्याकडे आणू का?" बाईंनी विचारले.

"माझ्याकडे सगळे आफ्रिकेतले गुंड आहेत. तुमच्या पाटलाला तासाभरात फाडतील. नाही, हा मळच तिकडे न्यायचा. आणि एक सांगू? नव्या टाकीसाठी राइनहोल्टनं मला एक बरणी दिली होती, खूप वर्षांपूर्वी. माझं सगळं त्यातूनच वाढलंय. हा मळ तुमच्याच घरचा आहे, फ्राउ आइझेले. फक्त परत चाललाय."

बाई ती बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली आल्या, मागोमाग माउटे. कोटावर तपकिरी डाग पडला. त्यांनी तो पाहिला आणि पुढे चालत राहिल्या.

माउटे दारात बूट काढू लागले तर बाईंनी त्यांचा दंड धरून आत ओढले. "राहू द्या बूट!"

माउटेंनी काचेच्या छोट्या नळीत जुन्या टाकीचे पाणी घेतले, औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द गुलाबी झाले.

"पिवळट राहिलं तर ठीक. गुलाबी म्हणजे विष," ते म्हणाले. मग ते गुडघ्यावर बसले, कोपऱ्यातला सांधा बोटाने चाचपला आणि बराच वेळ उठले नाहीत. "आणि ही टाकी फार दिवस काढणार नाही. इथला सांधा निम्मा सुटलाय."

"मग मासे नव्या टाकीत टाकूया!"

"नव्या टाकीत आत्ता काय आहे? तुम्ही धुतलेला स्पंज. विष खायला तिथंही कोणी नाही. आज टाकले तर आजचं मरण परवावर. मळ थोडा आहे, तो सगळा तिथंच घालू. आधी तिथं वस्ती बसू दे."

त्यांनी बरणीतला मळ नव्या टाकीत माझ्यावर ओतला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्या चिखलात माझ्याच जुन्या बिऱ्हाडांची पतवंडे होती. ती माझ्या रिकाम्या खोल्यांत शिरली, चाचपडली, टेकली. थोडीच होती. पण होती.

आता शर्यत लागली. एका बाजूला तो सुटत चाललेला सांधा, दुसऱ्या बाजूला माझी सावकाश वाढणारी वस्ती, आणि मध्ये शुल्तेस. माउटेंनी सांगितले होते तसे बाई रोज जुन्या टाकीचे अर्धे पाणी बदलायच्या, म्हणजे विष तेवढे पातळ व्हायचे. माशांचे खाणे अगदी बंद. मासे काचेशी येऊन तोंडे उघडमिट करायचे आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचे, तरी त्यांनी डबा उघडला नाही. मला मात्र रोज चिमूट मिळायची. उपाशी माशांसमोर रिकाम्या टाकीला घास घालताना त्या दरवेळी शुल्तेसकडे बघून म्हणायच्या, "रागावू नकोस रे. तुझ्यासाठीच आहे."

टॉवेल आधी दिवसातून एकदा बदलावा लागायचा. मग दोनदा. मग पिळून पिळून त्याच्या कडा फाटल्या. थेंबांची धार झाली. मी समोरून बघत होतो आणि आतल्या मंडळींना विनवत होतो, वाढा रे, लवकर वाढा. पण ती विनवण्यांना भीक घालणारी नव्हेत. रोज संध्याकाळी फोन वाजायचा. बाई "ठीक आहे, सगळं ठीक आहे," म्हणायच्या आणि टेबलाची कड घट्ट धरून ठेवायच्या.

माउटे येऊन माझ्या टाकीचे पाणीही तपासायचे. गुलाबी. मग जरा फिका गुलाबी. "अजून दोन-चार दिवस मिळाले तर..." ते म्हणाले.

ते मिळाले नाहीत.

शनिवार होता. बाई जिन्यात होत्या. मधल्या टप्प्यावर वाकून पायरी पुसत असताना त्यांना आपल्याच घराच्या दाराखालून पाणी येताना दिसले. पुसलेल्या पायऱ्यांवरून ते एकेक उतरत खाली चालले होते. खालून बीट्झरबाईंचा आवाज आला, "फ्राउ आइझेले, इतकं पाणी? जिन्याला पोहायला लावणार आहात का?"

बाईंनी फडके टाकले आणि त्या धावत वर आल्या.

सांधा फाटला होता. टाकीतले पाणी डोळ्यांदेखत खाली जात होते. बाईंनी जाळी घेतली आणि एकेक मासा उचलून माझ्या टाकीत टाकायला सुरुवात केली. पण शुल्तेस? तो मातीच्या नळकांड्यात दडला होता. नळकांडे हलवले तेव्हा तो निसटला, जाळीत शिरला आणि अडकला. त्याच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर येतो. तो काटा जाळीच्या धाग्यांत रुतला. ओढले तर डोळा जाईल. बाईंनी जाळी तशीच पाण्यात सोडली. तो कसाबसा सुटला आणि उरलेल्या वीतभर पाण्यात फडफडू लागला.

"गाळणं!" बाई किंचाळल्या. दारात बीट्झरबाई येऊन उभ्या होत्या. "स्वयंपाकघरात, खुंटीला! श्पेट्झलेचं गाळणं आणा, पटकन!"

श्पेट्झले म्हणजे त्यांच्याकडच्या पिठाच्या शेवया. रविवारच्या मटणाबरोबर त्या नाहीत तर जेवण नाही. ते पत्र्याचे मोठे गाळणे रोसविताबाईंना आईकडून मिळाले होते आणि त्याला राइनहोल्टनाही हात लावायची मुभा नव्हती. बीट्झरबाईंनी ते आणून दिले. बाईंनी ते पाण्यात घातले, पत्र्याला काटा रुतण्याजोगे काही नव्हते. शुल्तेस त्यात आला. 'टक टक टक' असा आवाज झाला. बाईंनी गाळणे उचलले, दोन पावलांत खोली ओलांडली आणि शुल्तेसला माझ्या टाकीत सोडले.

मागे जुन्या टाकीतले शेवटचे पाणी जमिनीवर सांडले. त्या लाकडी जमिनीवर, जिच्यावर माउटेंनी एकदा बादलीभर सांडले होते.

"तुमची लाकडी जमीन!" बीट्झरबाई म्हणाल्या.

"जाऊ दे खड्ड्यात," रोसविताबाई म्हणाल्या आणि ओल्या जमिनीवरच बसल्या.

आता सारे माझ्यावर होते. मासे माझ्या पाण्यात होते आणि माझी वस्ती अजून अर्धवट होती. पुरेल का? शुल्तेस तळाशी आडवा पडला. झोपला होता की संपत आला होता, कोणालाच कळेना. सकाळी बाईंनी स्वतः नळीत पाणी घेतले, थेंब टाकले. गुलाबी. बाईंनी पाणी बदलले. दुसऱ्या सकाळी पुन्हा नळी, पुन्हा थेंब. गुलाबीच, पण फिके. त्या पुन्हा पाणी बदलून समोर बसल्या. आत माझी मंडळी अंग मोडून काम करत होती. मला ते जाणवत होते. माझ्या निळ्या अंगावर तपकिरी छटा चढू लागली होती.

मग एका सकाळी बाईंनी नळी उजेडात धरली आणि धरूनच राहिल्या. पाणी पिवळट होते. त्यांनी ती नळी बीट्झरबाईंना खाली नेऊन दाखवली. बीट्झरबाईंना त्यातले काही कळले नाही, पण त्यांनी कॉफी केली.

त्याच दुपारी शुल्तेस उठला, काचेशी आला आणि 'टक' असा एक आवाज केला.

राइनहोल्ट काठी टेकत परत आले. त्यांनी कोटही काढला नव्हता तोच बाई म्हणाल्या, "मी स्पंज धुतला होता. आणि फोनवर खोटं बोलले."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं? माउटेनं?"

"तूच. आधी माझ्या प्रश्नावर दहा प्रश्न विचारल्याशिवाय तू कधी उत्तर देत नाहीस. त्या दिवशी नुसतं 'नाही' म्हणालीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तिकडून ओरडून शुल्तेस वाचला असता?" राइनहोल्ट म्हणाले. "आणि रोज संध्याकाळी तुझा आवाज ऐकून कळत होतं की तू झटतेयस."

ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. मासे मोजले. धाकटी दिसेना तेव्हा पुन्हा मोजले. बाईंनी बाल्कनीतल्या कुंडीकडे बोट दाखवले. राइनहोल्टनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मला त्या दोघांची फार माया आली.

मित्रांनो, तुम्ही टाकी आणाल तेव्हा पाणी कितीही नितळ दिसले तरी लगेच मासे सोडू नका. माझ्यासारख्या कुरूप स्पंजाला त्याची माणसे जमवायला वेळ द्या. आणि मला धुवायचेच असेल तर टाकीच्याच पाण्यात, दोनदा, हलकेच. एक जीव गेला तेव्हा हे एका घराला कळले. तुमच्या घरी कोणाचा जीव न जाता कळावे, म्हणून तर मी एवढा बोललो.

थोड्या वेळाने राइनहोल्ट उठून न्हाणीघरात जाऊन आले. माझ्या डब्याचे झाकण जरा तिरके बसले होते, ते सारखे करायला त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो वरच्यावर पकडला आणि नाकाशी नेऊन हुंगला.

"आत्ताच साबणानं धुतलेस ना?"

"हो. प्रवासातून आलो म्हणून..."

"मग लांब ठेव," रोसविताबाई म्हणाल्या. "आमच्या स्पंजाला स्वच्छ हात लावायचे नाहीत."